रंगाच्या सांडपाण्यासाठी हिराकसाची मात्रा कशी ठरवावी

हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेट, पोलादावरचा गंज आम्लाने काढताना आणि टिटॅनियम डायऑक्साइड तयार करताना उपउत्पादन म्हणून निघतो. त्यामुळे तो स्वस्त पडतो, आणि कापड प्रक्रिया कारखान्यांच्या सांडपाण्यातील रंग काढण्यासाठी तो चुन्याबरोबर सर्रास वापरला जातो. मात्र ‘टाकीला दोन गोणी’ असा ठोकताळा चालत नाही, कारण रंगाची बॅच बदलली की पाणीही बदलते.

मात्रा जार चाचणीनेच ठरवावी. खडे हिरवट आहेत ना, हे आधी पाहावे. तपकिरी पडलेल्या मालातील लोहाचे ऑक्सिडेशन झालेले असते आणि तो रंग तोडण्यात कमी पडतो. १० ग्रॅम हिराकस विरघळवून १ लिटर द्रावण करावे व ते त्याच दिवशी वापरावे. या द्रावणाचे १० मिली १ लिटर सांडपाण्यात घातले की १०० मिलिग्रॅम मात्रा होते. सहा जारांत २०० ते १२०० मिलिग्रॅमपर्यंत चढती मात्रा घालून मिनिटभर जोरात ढवळावे आणि मग कालवलेला चुना थोडाथोडा घालत सामू ९ च्या आसपास आणावा. सामू कमी राहिला तर लोह पाण्यातच विरघळलेले राहते, आणि वरून नितळ दिसणारे पाणी काही तासांनी पिवळे पडते. बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते. पुढे पंधरा मिनिटे सावकाश ढवळावे. हिरवट-काळपट गुठळ्या हवा लागून कडेने तपकिरी होऊ लागतात. अर्ध्या तासाच्या निवळणीनंतर जारामागे पांढरा कागद धरून रंग पाहावा आणि तळाच्या गाळाची उंचीही मोजावी.

सर्वांत स्वच्छ जार निवडण्याचा मोह टाळावा. ज्या मात्रेपुढे रंगात नाममात्रच फरक पडतो ती मात्रा घ्यावी, कारण जादा हिराकसाचा गाळच होतो आणि त्याच्या विल्हेवाटीचा खर्च रसायनापेक्षा जड जातो. ४०० मिलिग्रॅम ठरल्यास १०० घनमीटर पाण्याला ४० किलो हिराकस लागेल.

इलेक्ट्रोप्लेटिंगच्या पाण्यात क्रम वेगळा असतो. तेथे आधी आम्लाने सामू ३ च्या खाली आणून हिराकस घालावा, म्हणजे विषारी षट्‌संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम होते. हिशेबाने १ मिलिग्रॅम क्रोमियमला सुमारे १६ मिलिग्रॅम हिराकस लागतो, प्रत्यक्षात थोडा जास्तच. त्यानंतर चुन्याने सामू ८.५ पर्यंत चढवल्यावर क्रोमियम आणि लोह एकत्रच तळाशी बसतात.