गेमचा दुसरा भाग काढताय? या चुका टाळा

पहिला गेम चालला की दुसऱ्याची तयारी सुरू होते, आणि सगळ्यात आधी तक्रारींची यादी निघते. लोकांना काय खटकलं ते सगळं लिहून होतं. काय आवडलं होतं, ते लिहायचं मात्र राहून जातं.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या व्हिडिओ गेम मालिकेचंच बघा. २००३ च्या ‘द सँड्स ऑफ टाइम’मध्ये राजपुत्र कुणाला तरी आपली हकिकत सांगत असतो, कुणाला, ते शेवटी कळतं. उडी चुकून तुम्ही मेलात की तो स्वतःलाच अडवतो, ‘छे, असं नव्हतं घडलं!’ म्हणजे तुमचं मरणही त्याच्या सांगण्यातली चूक ठरतं. मोठी तक्रार होती ती मारामारीची: तेच तेच वार. २००४ च्या ‘वॉरियर विदिन’ने ती खरंच सुधारली. दुसऱ्या हातात शस्त्र आलं, शत्रूचं हत्यार हिसकावता येऊ लागलं. पण त्याच झपाट्यात राजपुत्रही बदलला. मिश्कील, थोडा आढ्यताखोर मुलगा गेला आणि सदा चिडलेला माणूस आला, मागे हेवी मेटल संगीत. पहिल्या गेमचे लेखक जॉर्डन मेकनर यांनाही त्यातली हिंसा पटली नाही आणि त्यांनी ते उघड सांगितलं. पुढच्याच वर्षी ‘द टू थ्रोन्स’मध्ये पहिल्या गेममधल्या राजपुत्राच्या सोबतिणीला, फराहला, परत आणलं गेलं.

‘वॉरियर विदिन’ वाईट नाही. त्यातला दहाका नावाचा राक्षस मागे लागला की आजही तळहाताला घाम फुटतो. पण तक्रार मारामारीची होती, राजपुत्राची नव्हती. म्हणून यादीशेजारी आणखी एक रकाना आखा: ‘याला हात लावायचा नाही’. तो आधी भरा.

दुसरी चूक नकाशाची. दुप्पट जमीन म्हणजे दुप्पट मजा नव्हे. ‘मेजोराज मास्क’ (२०००) या गेमने त्याच मालिकेतल्या आधीच्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मधली (१९९८) कितीतरी पात्रं जशीच्या तशी उचलली. नवं काय, तर तीन दिवसांनी चंद्र गावावर कोसळणार, आणि तुम्ही तेच तीन दिवस पुन्हा पुन्हा जगणार. शेवटच्या रात्री तिथल्या पोस्टमनला पळून जायचं असतं, पण पळणं त्याच्या वेळापत्रकात नसतं! हे एक पात्र मैलभर रिकाम्या माळरानापेक्षा जास्त लक्षात राहतं.

नवा आला म्हणून जुना बंद करू नका. २०२२ मध्ये ‘ओव्हरवॉच २’ आला आणि पहिला खेळताच येईना. ज्या कथा-मोहिमांच्या जोरावर दुसऱ्याची घोषणा झाली होती, त्यांचा मोठा भाग २०२३ मध्ये रद्द झाला. खेळाडूंच्या हातात ना जुनं राहिलं, ना कबूल केलेलं नवं आलं.

आणि सुरुवातीचे धडे. जुन्या खेळाडूला पुन्हा ‘उडी कशी मारायची’ शिकवलं की तो कंटाळतो, न शिकवावं तर नवा अडकतो. ‘पोर्टल २’ने (२०११) यावर छान तोड काढली. व्हीटली नावाचा बडबड्या यंत्रगोळा म्हणतो, ‘सफरचंद’ म्हणून दाखव. पडद्यावर बोलण्याचं बटण दिसतं. तुम्ही ते दाबता, आणि नायिका बोलायच्या ऐवजी टुणकन उडी मारते. नव्याला बटण कळलं, जुना हसला. तुमचा पहिला टप्पा असाच दोघांना शेजारी बसवून खेळायला द्या. स्वतः काही बोलू नका, फक्त त्यांचे हात बघा.