‘ईनिड’चा चौथा सर्ग वाचायला घेताय? आधी बांधकाम बघा

रोमन कवी व्हर्जिलचं ‘ईनिड’ अभ्यासाला लागलं की बहुतेक विद्यार्थी थेट चौथा सर्ग उघडतात. खुशाल उघडा. ट्रॉयच्या पाडावातून वाचलेल्या आणि इटली गाठायला निघालेल्या इनिअसचं हे बारा सर्गांचं महाकाव्य. त्यात शिरायला डिडोच्या, म्हणजे तो ज्या कार्थेजच्या राणीला सोडून जातो तिच्या, कथेसारखी दुसरी वाट नाही. मात्र ‘इनिअसने प्रेमापेक्षा कर्तव्य श्रेष्ठ मानलं’ एवढं लिहून मोकळे होऊ नका. उत्तरपत्रिकांत हे वाक्य सतत भेटतं आणि दर वेळी मला डिडोसाठी वाईट वाटतं. कर्तव्य काय फक्त इनिअसलाच होतं?

डिडोच्या भावाने तिच्या नवऱ्याचा खून केला. ती आपली माणसं घेऊन टायर या आपल्या शहरातून निघाली, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली आणि कार्थेज वसवायला लागली. पुन्हा लग्न करायचं नाही, हा तिचा निर्धार होता. पहिल्या सर्गात इनिअस टेकडीवरून हे नगर पाहतो. माणसं मधमाश्यांसारखी राबताहेत. कुणी तट उभारतंय, कुणी बंदर खोदतंय, कुणी नाट्यगृहाचा पाया घालतंय. आता चौथ्या सर्गातली ८६वी ओळ काढा. डिडो प्रेमात पडली आहे आणि सुरू झालेले बुरूज वर चढेनासे झाले आहेत, तरुणांचा शस्त्रांचा सराव थांबलाय, बंदराचं काम पडून आहे. राणीचं काय हरपलंय, ते व्हर्जिल चार ओळींत नुसतं बांधकाम दाखवून सांगतो.

पुढे २६०व्या ओळीपाशी ‘इटलीला नीघ’ हा देवांचा राजा ज्युपिटरचा निरोप घेऊन त्याचा दूत मर्क्युरी येतो, तेव्हा काम पुन्हा चालू झालेलं असतं. ते करून घेतोय इनिअस! खांद्यावर टायरच्या जांभळ्या रंगाचा झगा, डिडोने स्वतः सोन्याचा धागा घालून विणलेला. ज्याने इटली गाठायची, तो कार्थेज बांधतोय. रोमने इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज उद्ध्वस्त केलं होतं, हे व्हर्जिलच्या वाचकाला पक्कं माहीत होतं. त्याला हे दृश्य किती टोचलं असेल!

तो निघतोय हे कळल्यावर डिडो त्याला जाब विचारते. इनिअसचं उत्तर, ओळी ३३३ ते ३६१, मोठ्याने वाचा. पहिल्यांदा ते कोरडं, जवळजवळ वकिली वाटतं. पण शेवटी तो म्हणतो, इटलीला मी स्वखुशीने जात नाही, आणि ती ओळ अर्ध्यातच संपते. इ.स.पू. १९ मध्ये व्हर्जिल वारला तेव्हा काव्यावरचा शेवटचा हात फिरायचा राहिला होता. अशा अर्ध्या ओळी इतरत्रही आहेत, म्हणून ही मुद्दाम तोडली असं ठामपणे लिहू नका. मला मात्र ती तिथे पुरी झालेली नकोच आहे. ३९३व्या ओळीपासूनचा भाग तर सोडूच नका: डिडोचं सांत्वन करावंसं त्याला वाटतं, प्रेमाने तो आतून हललेला असतो, आणि तरी तो जहाजांकडे जातो.

निबंधाला बसण्यापूर्वी दुसरा आणि सहावा सर्ग वाचाच. दुसऱ्यात जळत्या ट्रॉयमध्ये त्याची पत्नी क्रेऊसा हरवते. म्हणजे डिडोला सोडण्याआधीही त्याने बरंच गमावलेलं असतं. तो गेल्यावर डिडोने जीव दिलेला असतो; सहाव्यात मृतांच्या लोकात ती त्याला भेटते. आता रडून विनवण्या करतो तो इनिअस, आणि ती एक शब्दही न बोलता पहिल्या नवऱ्याकडे निघून जाते.

भाषांतर निवडताना समासात ओळींचे क्रमांक असलेलं घ्या, नाहीतर संदर्भ शोधताना जीव मेटाकुटीला येतो. त्यानंतर रोमन कवी ओव्हिडच्या ‘हेरॉइडीज’ या काल्पनिक पत्रांच्या संग्रहातलं सातवं पत्र वाचा. ते डिडोने इनिअसला लिहिलेलं आहे आणि त्याच्या कर्तव्याचा मुद्दा तिला मुळीच पटलेला नाही.