वस्तीत नवी माणसं आली की मंडळीने काय करावं

माझं सासर नाशिकमधल्या शरणपूरचं. आता आम्ही सातपूरच्या बाजूला राहतो आणि बावीस वर्षं मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, महिला मंडळाचं काम बघते. एवढ्या काळात चर्चभोवतीची वस्ती पार बदलली. कारखान्यांत झारखंड-ओडिशाची आदिवासी मुलं आली, तमिळ कुटुंबं आली, हॉटेलात आणि पार्लरमध्ये काम करणाऱ्या मिझोराम-मणिपूरच्या मुली आल्या. यातले बरेच जण जन्माने ख्रिस्ती. तरी कित्येक वर्षं ते मागच्या बाकावर बसायचे आणि आशीर्वाद झाला की चहालाही न थांबता निघून जायचे. त्यात दोष आमचा होता. आम्ही काय बदललं ते सांगते, म्हणजे तुमच्या मंडळीला तेवढी वर्षं घालवावी लागणार नाहीत.

आधी आपल्याच गावाची गोष्ट सगळ्यांना सांगा. शरणपूर रोड रोज तोंडात असतो, पण ते नाव कुठून आलं हे आपल्याच पोरांना माहीत नसतं. चर्च मिशनरी सोसायटीने 1850 च्या दशकात ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली गेली, इथेच सुतारकाम-लोहारकाम शिकली. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. 1873 साली आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता. पुढे 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या अंत्यविधीलाही तो हजर होता. नाशिकच्या शाळेतला पोरगा! तरुण संघात मी हे सांगितलं तेव्हा झारखंडच्या एका मुलाने हिंदीत विचारलं, "आंटी, वो लोग चर्च में कहाँ बैठते थे?" कुणी बोललं नाही. तो स्वतः तेव्हाही मागच्याच बाकावर होता.

दुसरं, "मूळचे कुठले?" हा प्रश्न चर्चच्या आवारात बंद करा. आपण सगळे जाणतो की त्यात गाव विचारलेलं नसतं, जात विचारलेली असते. ज्या शहरात 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्या शहरात आपल्या कितीतरी घरांच्या पणज्या पाणवठ्यावरचा अपमान सोसून प्रभूकडे आल्या. त्यांच्या नातवंडांनी आडनावावरून माणूस चाचपावा, हे मला सहन होत नाही. त्याऐवजी "कुठल्या पाळीला आहेस? जेवलास का?" असं विचारा.

आता स्वयंपाकाबद्दल, कारण खरं काम तिथेच होतं. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पंचकमिटीत मोठ्याने वाचा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, तशी तक्रार आली. प्रेषितांनी मंडळीला सात माणसं निवडायला सांगून वाटपच त्यांच्याकडे सोपवलं, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्याच हातात पळी. आम्ही नव्या लोकांना वर्षानुवर्षं "पाहुणे" म्हणत होतो. पाहुण्याला पाट मिळतो, चुलीजवळ जागा मिळत नाही. कापणीच्या सणाला आम्ही अख्खं स्वयंपाकघर त्यांच्याकडे दिलं, बाजाराचे पैसेही आगाऊ हातात ठेवले. सुकी मासळी तव्यावर पडली तशा आमच्या दोघी-तिघी नाकाला पदर लावून बाहेर आल्या. मी त्यांना तिथेच विचारलं, "आपल्या घरी बोंबील भाजतो तेव्हा आपण कुठे जातो?" त्या आत गेल्या. एकीने कांदा चिरायला घेतला. मणिपूरच्या मुलीने तिच्या हातातली सुरी हलकेच सरळ केली आणि तिच्याकडे तो कसा पातळ चिरतात ते दाखवलं.

सगळ्यात अवघड काम माफीचं. आमच्याच मंडळीतल्या एका घराने याच मुलीला खोली दिली होती. पुढे वासाचं कारण काढून, "चिंकी" म्हणून, अकरा महिन्यांचा करार संपायच्या आत बाहेर काढलं आणि डिपॉझिट अडवलं. असं झालं तर तिला कमिटीपुढे बोलावू नका. तुम्ही तिच्याकडे जा, दोघंच जा, फोटो काढू नका. जो शब्द वापरला तो उच्चारून, "हे आम्ही बोललो, हे पाप होतं" असं म्हणा. "वाईट वाटलं असेल तर" यातला तो "तर" गिळून टाका. पैसे सोबत न्या, पूर्ण. आणि "माफ केलंस ना?" असं त्याच बैठकीत विचारू नका. ती आमच्याशी सात-आठ रविवार बोलली नाही. तो तिचा हक्क होता.

बाकीचं सोपं आहे. सगळ्यांची सुट्टी रविवारी नसते, म्हणून आठवड्यात एक संध्याकाळची उपासना ठेवा, पाळी सुटल्यावर पोचता येईल अशा वेळी. वचन मराठीत झालं की तेच हिंदीत आणि तमिळमध्ये वाचायला द्या. वाचणारा त्याच भाषेचा हवा, आपला हौशी नको. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं सोडू नका, पण झारखंडच्या मुलांचं सादरी बोलीतलं एक गाणं तुम्हीही पाठ करा, चुकत चुकत का होईना. कुणाचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड अडलं असेल तर प्रार्थना करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत रांगेत उभे राहा.

गेल्या वर्षी संध्याकाळच्या उपासनेसाठी चर्चची दुसरी चावी झारखंडच्या त्या मुलाकडे द्यायचं ठरलं. देताना एका काकांनी सही घ्यायला वही पुढे केली. मी पानं उलटून पाहिली, आमच्यापैकी कुणाचीही सही त्यात नव्हती. वही मी परत कपाटात ठेवली आणि चावी त्याच्या हातात दिली.