जुन्या ग्राफिक्स कार्डांची तुलना: काम किती, वीज किती

लग्नसराई तोंडावर आली की सेलू, मानवत, गंगाखेड या भागांत व्हिडिओ एडिटिंग करणारी मुले परभणीला येतात आणि एकच प्रश्न विचारतात: हैदराबादहून किंवा संभाजीनगरहून दोन जुनी कार्डे मिळत आहेत, त्यांतले कोणते घ्यावे? त्यांच्याकडे बहुधा गेममधील फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रे) आणि कार्डाच्या खोक्यावरचे वॅट एवढीच माहिती असते. एवढ्यावर निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आपले काम पुरे करायला कार्डाला किती वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात भिंतीवरच्या सॉकेटमधून किती वीज जाते, हे घरच्या घरी मोजता येते, आणि खरी तुलना तीच आहे.

तरीही सुरुवात कागदावरच्या आकड्यांपासूनच करावी, कारण एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला, कार्ड पेलेल की नाही हे त्यावरूनच कळते. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देतो, सहा पिनांची वेगळी केबल आणखी ७५ वॅट देते आणि आठ पिनांची १५० वॅट. एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स ७५० टीआय (२०१४) ६० वॅटचे आहे. १०५० टीआय (२०१६) आणि १६५० (२०१९) ही दोन्ही ७५ वॅटची आहेत, त्यामुळे त्यांच्या अनेक आवृत्त्या वेगळ्या केबलविना चालतात. जीटीएक्स १०६० ला १२० वॅट लागतात आणि एएमडी कंपनीच्या आरएक्स ५८० (२०१७) ला १८५. २०१० मधील जीटीएक्स ४८० हे २५० वॅटचे होते, आणि ६० वॅटचे ७५० टीआय आज साधारण त्याच्या बरोबरीने चालते. म्हणून जास्त वॅटचे कार्ड ते जास्त ताकदीचे, हा समज वेगवेगळ्या पिढ्यांतील कार्डांना लावू नये.

कार्ड हाती आले की प्रथम जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये मेमरीचा प्रकार आणि बँडविड्थ (मेमरीतून सेकंदाला किती डेटा ये-जा करतो) पाहावी. नाव एकच असूनही आतले कार्ड वेगळे असू शकते. जीटी १०३० हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे: जीडीडीआर५ मेमरीचे कार्ड ३० वॅटचे असून त्याची बँडविड्थ सेकंदाला ४८ जीबी आहे, तर डीडीआर४ मेमरीचे कार्ड २० वॅटचे आणि जेमतेम १६.८ जीबीचे आहे. दुसरे कार्ड कागदावर काटकसरी दिसते, पण गेममध्ये ते फार मागे पडते. नावाआधी ‘फेक’ असा शब्द दिसला, तर वेगळ्याच चिपवर खोटे नाव चढवलेले आहे असे समजून कार्ड परत करावे.

मोजणीपूर्वी कार्ड स्वच्छ करणे मला अत्यावश्यक वाटते. आपल्याकडे धूळ अतोनात असते, आणि जुन्या कार्डातील थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बहुधा सुकून गेलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचे तापमान ४२ अंशांपुढे जाते, तेव्हा असे कार्ड तापून स्वतःचा वेग उतरवते आणि चांगले कार्डही वाईट ठरते. चिप जितकी तापते तितकी तिच्यातून वाया जाणारी वीजही वाढते. म्हणून दोन्ही कार्डांची पेस्ट बदलून, पंखे साफ करून, एकाच खोलीत आणि दिवसाच्या एकाच प्रहरी चाचणी घ्यावी.

आता मुख्य मोजणी. सॉकेट आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये प्लगमध्ये बसणारे वॅटमीटर लावावे. मॉनिटर वेगळ्या सॉकेटवर ठेवावा आणि चाचणी इन्व्हर्टरवर घेऊ नये. मशीन, ड्रायव्हरची सेटिंग आणि प्रोजेक्ट दोन्ही वेळी तेच असावे. कॉम्प्युटर सुरू करून दहा मिनिटे नुसता ठेवावा आणि रिकाम्या वेळचे वॅट लिहून घ्यावेत. त्यानंतर नेहमीच्या कामातील एखादा प्रोजेक्ट, उदाहरणार्थ हळदीच्या चित्रीकरणाचा अर्ध्या तासाचा तुकडा, एक्स्पोर्टला लावावा, लागलेला वेळ घड्याळावर मोजावा आणि मीटरवरील एकूण युनिट टिपावेत. हीच चाचणी तीनदा घेऊन मधला आकडा धरावा. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की गावाकडे व्होल्टेज उतरते आणि एसएमपीएसची कार्यक्षमताही थोडी घटते, म्हणून प्रत्येक नोंदीसोबत व्होल्टेजही लिहावे.

हिशेब असा करावा. समजा पहिल्या कार्डावर पूर्ण कॉम्प्युटर १३० वॅट घेतो आणि काम ५० मिनिटांत होते. म्हणजे सुमारे ०.१०८ युनिट. दुसऱ्या कार्डावर तो २४० वॅट घेतो, पण काम २४ मिनिटांत संपते, म्हणजे ०.०९६ युनिट. या कामापुरते जास्त वॅट घेणारे कार्डच कमी वीज खाते. गेमचे गणित मात्र उलटे आहे, कारण तिथे काम लवकर संपत नाही. वेळ ठरलेला असतो. तिथे फ्रेमरेट ६० वर बांधून दोन्ही कार्डांचे वॅट पाहावेत. रोज पाच तासांच्या खेळात १०० वॅटचा फरक पडला, तर महिन्याला १५ युनिट वाढतात. ते कोणत्या दराने लागतील हे आपल्या बिलावरील टप्प्यावरून काढावे.

जीपीयू-झेडमधील वॅटच्या आकड्यावर विसंबून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे जोखू नयेत. आरएक्स ५७० आणि ५८० सारख्या कार्डांत तो आकडा फक्त चिपचा असतो, पूर्ण कार्डाचा नव्हे. शिवाय यांतील अनेक कार्डे २०२२ पर्यंत इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगला जुंपलेली होती आणि काहींचे बायोस (कार्डाचा वेग व वीज ठरवणारा आतला प्रोग्रॅम) बदललेले असते.

एडिटिंगसाठी आणखी एक गोष्ट निर्णायक ठरते, ती म्हणजे कार्डातील एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा भाग. जीटी १०३० मध्ये तो नाहीच. ७५० टीआयमध्ये एच.२६४ या जुन्या व्हिडिओ प्रकारापुरता आहे. १०५० टीआय एचईव्हीसी हा नवा प्रकारही हाताळते. त्यामुळे नव्या कॅमेऱ्यांच्या फाइल असतील, तर ७५० टीआयच्या १५ वॅट बचतीला फारसा अर्थ उरत नाही.

शेवटी एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट (कार्डाने घ्यायच्या विजेची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. वेग थोडासाच कमी होऊन वॅट बरेच उतरतात, असे मोठ्या कार्डांत बहुधा आढळते. पूर्ण भारावरील सर्वांत मोठा आकडा, त्यात मॉनिटरचे वॅट मिळवून, आपल्या यूपीएसवर छापलेल्या वॅटशी ताडून पाहावा. ६०० व्हीएचे यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलते, आणि एक्स्पोर्ट चालू असताना वीज गेली, तर तेवढ्यात कॉम्प्युटर चालला पाहिजे.