"खडा काढला होता जी" म्हटलं, की सदरा वर करून बघा

ग्रामीण रुग्णालयात बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर, नव्याने आलेल्या डॉक्टरांनो, किडनीचा कॅन्सर फुफ्फुसात, हाडांत, यकृतात, मेंदूत जातो हे तुम्हाला पाठ असेल. थायरॉइड, स्वादुपिंड, नाक, जीभ, डोक्याची कातडी इथेही तो निघतो, कधी किडनी काढल्यावर १०-१५ वर्षांनी, हेही वाचलं असेल. मीही वाचलं होतं.

यवतमाळ जिल्ह्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, साठीचे एक काका डोक्यावर लिंबाएवढी गाठ घेऊन आले. ऑपरेशन विचारलं तर म्हणाले, "मुतखडा काढला होता जी, लय वर्सं झाले." मी कागदावर 'खडा' लिहिलं, सेबेशिअस सिस्ट, म्हणजे कातडीखालची साधी गाठ, समजून सुन्न केलं आणि चीर दिली. रक्त थांबेचना. सिस्टर आणि मी पाऊण तास आळीपाळीने दाबून धरलं, मग घट्ट पट्टी बांधून नागपूरला पाठवलं. किडनीच्या कॅन्सरच्या गाठी रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या असतात. हाताला ठोके लागले तर सुरी ठेवून द्या.

दुसऱ्या दिवशी मुलाने सातबाऱ्याच्या पिशवीतून जुनं कार्ड काढलं. १२ वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे उजवी किडनी काढलेली. बाप खचेल म्हणून घरच्यांनीच त्यांना खडा सांगितला होता. काका खोटं बोललेच नव्हते! म्हणून नुसतं विचारणं पुरत नाही. सदरा वर करा, लुगडं जरा सरकवायला सांगा, कुशीवरचा व्रण बघा. नातेवाइकाला बाहेर नेऊन वेगळं विचारा. जुनी फाइल आणायला लावा, एक फेरी पडली तरी चालेल. व्रण बारीकही असतो, दुर्बिणीने काढलेली किडनी मोठी खूण सोडत नाही, तेव्हा शंका असेल तर पोटाची सोनोग्राफी करा.

"गाठ दिसली की काढ, हात बसतो" असं सांगणारे सीनियर भेटतील. माझ्या मते रात्री फोन उचलतो तोच खरा सीनियर.

गाठीचा तुकडा तपासणीला पाठवताना फॉर्मवर किडनीचा इतिहास लिहाच. थायरॉइडच्या गाठीत तर नक्कीच, कारण पॅक्स-८ हा मार्कर, म्हणजे पेशी कुठल्या अवयवाची ते ओळखायची खूण, थायरॉइड आणि किडनी दोन्हींच्या पेशींत पॉझिटिव्ह येतो. थायरोग्लोब्युलिन हे थायरॉइडच्या पेशींचं प्रथिन निगेटिव्ह आलं की किडनीचा संशय बळावतो.

आणि घाबरू नका. अशी एकटीच गाठ उशिरा निघाली तर ती काढून माणसं पुढे वर्षानुवर्षं जगलेली आहेत, इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारं औषध, तेही आता आहे. रुग्णाला हे बसून, त्याच्या भाषेत सांगा. काकांना मुलाच्या परवानगीने मीच सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग खडा नव्हताच का जी?"