खान्देशातल्या हवेसाठी मस्कारा आणि ऋतूंप्रमाणे मेकअपचे रंग : कमी खर्चात निवड कशी करावी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि नेमकी त्याच दिवसांत लग्नसराई असते. डिसेंबर-जानेवारीत धुळे-नंदुरबारकडे पहाटेचे तापमान 10 अंशांखाली उतरते, ओठ फुटतात, त्वचा ओढली जाते. अशा हवेत एकच मस्कारा आणि एकच लिपस्टिक वर्षभर सारखीच चालेल, अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र त्यासाठी महागड्या वस्तूच घ्याव्या लागतात, असेही नाही. मस्काऱ्यासाठी पैसे कंपनीच्या नावाला न देता त्याच्या प्रकाराला द्यावेत, आणि रंग निवडताना त्या ऋतूतला उजेड व आपली त्वचा पाहावी, म्हणजे मोजक्या वस्तूंत वर्ष निघते, असे माझे ठाम मत आहे.

बाजारात मस्काऱ्याचे मुख्यतः तीन प्रकार मिळतात. साधा, पाण्याने निघणारा मस्कारा पाणी, मेण आणि काळा रंग यांच्या मिश्रणाचा असतो. तो लावायला व काढायला सोपा, पण घाम आला की ओघळतो. वॉटरप्रूफ मस्काऱ्यात पाणी नसते किंवा अगदी कमी असते. त्यातला द्रव उडून जातो आणि मेणाचा थर पापणीच्या केसांवर बसतो. तिसरा ट्यूबिंग मस्कारा प्रत्येक केसाभोवती पातळ आवरण तयार करतो आणि कोमट पाण्याने ते आवरण तुकड्या-तुकड्यांनी निघून येते. खोक्यावरची घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, त्यामुळे ती वाचावीच. सुरुवातीलाच ‘ॲक्वा’ किंवा ‘वॉटर’ असेल तर मस्कारा बहुधा साधा किंवा ट्यूबिंग असतो. ‘आयसोडोडेकेन’सारख्या उडून जाणाऱ्या द्रवाचे नाव सर्वांत वर असेल तर तो बहुधा वॉटरप्रूफ असतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात डोळ्यांखाली काळे पसरते, त्याचा दोष बहुतेक जणी घामाला देतात. घाम हे कारण आहेच, पण त्वचेचे तेल आणि डोळ्यांभोवती लावलेले क्रीम किंवा सनस्क्रीन ही कारणेही तितकीच मोठी आहेत. वॉटरप्रूफ मस्कारा पाण्याला दाद देत नाही, तेलापुढे मात्र टिकत नाही. हे दुकानात पाच मिनिटांत तपासता येते. टेस्टर असेल तर मस्काऱ्याच्या दोन रेघा हाताच्या पाठीवर ओढाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. एका रेघेवर पाण्याचा थेंब टाकून बोटाने हलके घासावे, दुसरीवर बोटाला लागलेले थोडे खोबरेल तेल किंवा क्रीम चोळावे. पाण्याने न हललेली रेघ तेलाने लगेच पसरली, तर तेलकट त्वचेच्या मुलीने तो मस्कारा घेऊ नये. तिच्यासाठी ट्यूबिंग प्रकार अधिक भरवशाचा. त्वचा कोरडी असेल आणि घाम हीच मुख्य अडचण असेल, तर वॉटरप्रूफ पुरेसा आहे. टेस्टरचा ब्रश डोळ्याला मात्र कधीही लावू नये, कारण त्यातून डोळ्यांचा संसर्ग पसरू शकतो.

स्वस्त म्हणजे नेमके काय, याचा हिशेब नीट करावा. समजा 10 मिलीची ट्यूब 400 रुपयांना आणि 5 मिलीची 225 रुपयांना आहे. मिलीमागे पहिली 40 रुपयांना पडते आणि दुसरी 45 रुपयांना, म्हणून मोठी ट्यूब परवडते असे वाटते. परंतु मस्कारा एकदा उघडला की साधारण तीन महिन्यांत, फार तर सहा महिन्यांत टाकून द्यावा लागतो. उघड्या डबीच्या चित्रावर छापलेला महिन्यांचा आकडा हीच मुदत सांगतो. जी केवळ लग्नकार्याला आणि सणाला मस्कारा लावते, तिची मोठी ट्यूब अर्धीअधिक भरलेलीच फेकली जाते आणि लहान ट्यूबपेक्षा जास्त दिलेले 175 रुपये वाया जातात. तिने लहानच ट्यूब घ्यावी. रोज नोकरीला किंवा कॉलेजला जाताना लावणारीने मोठी घेतली तर हरकत नाही.

खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत असणे कायद्याने आवश्यक आहे. आयात केलेल्या मालावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांकही हवा. जळगावच्या फुले मार्केटमध्ये घ्या किंवा गावच्या आठवडे बाजारात, बॅच क्रमांक छापलेला नसलेली वस्तू पन्नास रुपयांत मिळाली तरी डोळ्यांसाठी घेऊ नये. उन्हात मांडून ठेवलेला मालही टाळावा, कारण उष्णतेने मेण आणि द्रव वेगळे होतात. घरी आणल्यावरही हेच लक्षात ठेवावे : गाडीच्या डिक्कीत किंवा पत्र्याच्या खोलीतल्या खिडकीत मस्कारा आणि लिपस्टिक मे महिन्यात टिकत नाहीत, कपाटाचा खालचा, थंड कप्पा बरा.

ब्रशबद्दल थोडक्यात. आखूड आणि विरळ पापण्यांना बारीक ब्रश, सरळ पापण्यांना किंचित वक्र ब्रश, आणि दाट पापण्यांचे केस सुटे करण्यासाठी सिलिकॉनचा कंगव्यासारखा ब्रश चांगला. सरळ पापण्या आधी कर्लरने वळवून मग मस्कारा लावावा. लावल्यावर कर्लर वापरल्यास केस तुटतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तंतू असलेला मस्कारा घेऊ नये, लेन्स मेकअपच्या आधी घालावी आणि मेकअप उतरवण्याच्या आधी काढावी.

आता रंग. वसंत, शिशिर अशी नावे देऊन परदेशी ऋतूंप्रमाणे माणसांची विभागणी करणारे तक्ते आपल्याला फारसे उपयोगी नाहीत, कारण आपले ऋतू वेगळे आहेत आणि गहूवर्णी ते सावळ्या त्वचेच्या इतक्या छटा त्या तक्त्यांत नीट बसत नाहीत. उन्हाळ्यातल्या पांढऱ्या, प्रखर उजेडात चकाकणारे आयशॅडो आणि फिकट गुलाबी लिपस्टिक चेहरा राखाडी दाखवतात. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आल्यावर दुपारभर झोक्यावर बसायचे असेल, तर विटकरी किंवा पीच रंगाची मॅट (चमक नसलेली) लिपस्टिक, तीच बोटाने गालावर किंचित, आणि वरच्या पापण्यांना मस्काऱ्याचा एक पातळ हात एवढेच पुरे. उन्हाळ्यात खालच्या पापण्या मोकळ्या ठेवाव्यात. काळे बहुधा तिथूनच पसरते.

श्रावणात हवा दमट होते, उजेड मऊ होतो आणि गडद रंग खुलू लागतात. खान्देशातल्या कानबाई देवीच्या विसर्जन मिरवणुकीत तासन् तास नाचायचे असते, तेव्हा मरून किंवा गडद लाल लिपस्टिक आणि वॉटरप्रूफ मस्कारा हीच जोडी योग्य. नवरात्रात रोजच्या ठरलेल्या रंगाचे आयशॅडो विकत घेण्याची गरज नाही. रंग साडीत आहेच. डोळ्यांना तपकिरी किंवा तांबूस रंग द्यावा, तो नऊही दिवस चालतो. दिवाळीला त्याच तांबूस रंगावर पापणीच्या मध्यभागी बोटाने सोनेरी चमक लावावी.

थंडीत जांभळट, वाइन आणि बेरी रंग सावळ्या त्वचेवर फार सुंदर दिसतात, आणि आपल्याकडच्या मुली केवळ संकोचापोटी ते टाळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. या दिवसांत मॅट लिपस्टिक ओठांच्या भेगा दाखवते, म्हणून क्रीमसारखी घ्यावी किंवा आधी ओठांना तूप लावून टिपून घ्यावे. कोणताही रंग दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली पसंत करू नये. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून दाराबाहेर यावे, दहा मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. काही लिपस्टिक वाळल्यावर गडद होतात. लग्न हॉलमध्ये पिवळ्या दिव्यांखाली असेल, तर केशरी छटा फिकी पडते, तेव्हा लालकडे झुकणारी घ्यावी.

लावताना आधी पापण्यांवरचे क्रीम टिपून कोरडी पावडर लावावी, ब्रशवरचा जादा मस्कारा पुसावा, मुळाशी ब्रश किंचित हलवत वर न्यावा आणि पहिला थर वाळल्यावर दुसरा द्यावा. ब्रश ट्यूबमध्ये वर-खाली पंपासारखा मारू नये, त्याने हवा आत जाऊन मस्कारा लवकर सुकतो. सुकल्यावर त्यात पाणी किंवा थुंकी तर कधीच घालू नये. मस्कारा बहिणी-बहिणींतही वाटून वापरू नये, आणि डोळे आले असतील तर ती ट्यूब टाकून द्यावी.

वॉटरप्रूफ मस्कारा उतरवण्यासाठी वेगळे रिमूव्हर घेण्याची गरज नाही. कापसावर खोबरेल तेल घ्यावे; थंडीत ते गोठलेले असते, तेव्हा बोटांत चोळून पातळ करावे. कापूस मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट ठेवावा, न घासता खाली ओढून घ्यावा आणि मग फेसवॉशने चेहरा धुवावा.