क्रिप्टोतली पौराणिक नावं मराठीत आणायची कशी

क्रिप्टो चलन ठेवायच्या एका वॉलेट अ‍ॅपचा मजकूर मराठीत करताना मी 'ओरॅकल'ला बिनदिक्कत 'भविष्यवेत्ता' लिहून टाकलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढंच लिहिलं: "म्हणजे हा उद्याचा भाव सांगतो का?"

सांगत नाही. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ठरलेली अट पुरी झाली की आपोआप पैसे देणारा प्रोग्रॅम. तो ब्लॉकचेनवर, म्हणजे नोंदींचे गठ्ठे (ब्लॉक) एकामागे एक जोडलेल्या सामायिक वहीवर चालतो, आणि त्याला तिच्याबाहेरचं काही दिसत नाही. आत्ताचा भाव किंवा सामन्याचा निकाल त्याला आणून देतो तो ओरॅकल. तेव्हापासून मी कथेत शिरण्याआधी कामाची चौकशी करते. ही वस्तू करते काय, ते एका साध्या क्रियापदात लिहा. 'बाहेरची खबर आत पोचवतो' असं लिहिल्यावर 'खबऱ्या' सुचला, पण त्याला पोलिसी वास येतो. 'निरोप्या' ठेवला.

मग कथा उघडा आणि नावाने तिचा कुठला तुकडा उचललाय ते बघा. ओरॅकल म्हणजे मुळात प्राचीन ग्रीसमधल्या देवळातली देववाणी. लिडियाच्या क्रीसस राजाला डेल्फीच्या अशाच देववाणीने सांगितलं, युद्धाला गेलास तर एक मोठं साम्राज्य बुडेल. बुडालं ते त्याचंच. (शुद्ध सोन्याची नाणी पहिल्यांदा पाडल्याचं श्रेयही याच राजाला देतात. पैशाच्या मजकुरात हा गडी भेटला की मला मजा वाटते.) तिथे वाणी खरी होती, ऐकणारा चुकला. इथे उलट: कॉन्ट्रॅक्ट शब्दन् शब्द ऐकतं, पण निरोपच खोटा असला तर खोट्यावर पैसे देऊन मोकळं होतं. हा फरक टीपेत द्याच, नाहीतर वाचक 'देववाणी' म्हणून डोळे मिटून विश्वास टाकेल.

'जेनेसिस ब्लॉक'वर मी दोन दिवस अडले. मराठी बायबलातलं 'उत्पत्ती' घ्यावं, तर ती क्रिया वाटते. ३ जानेवारी २००९ चा बिटकॉइनचा हा पहिला ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, असतो. याच्या त्या जागी नुसती शून्यं. ना आई, ना बाप. म्हणजे आपला 'स्वयंभू'! त्यातली ५० बिटकॉइन खर्चच करता येत नाहीत, हेही त्या शब्दाला शोभतं. संपादकांनी शेवटी 'आद्य ब्लॉक' छापलं. माझं मत बदललेलं नाही.

'क्राकेन' हे एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचा बाजार; नाव नॉर्वेच्या दंतकथांमधल्या समुद्री राक्षसाचं. राक्षसाचा कामाशी संबंध नाही, तसंच ठेवा. आणि एखाद्या नव्या कॉइनचं भारदस्त नाव झाकून वर्णन वाचल्यावर हाती काहीच लागलं नाही, तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तिथे भाषांतरात देवत्व चढवू नका.

'होडल' मात्र वेगळं प्रकरण. डिसेंबर २०१३ मध्ये बिटकॉइनचा भाव कोसळत असताना एकाने 'होल्डिंग'च्या जागी 'होडलिंग' लिहिलं. व्हिस्की प्यायलोय, हेही त्यानेच सांगितलं. पुढे लोकांनी 'HODL' या चार इंग्रजी अक्षरांचा 'जिवाच्या आकांताने धरून ठेवा' असा अर्थ लावला. इथे चूक आधी, पुराण नंतर. 'ठेवा'चं 'ठवे' करून पाहिलं, वाचकाला मुद्रणदोष वाटला. 'होडल'च लिहा.